आवाज येतो, शब्द येत नाहीत

विमानाच्या रेडिओचं काम करायचो असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "त्यात गाणी लागायची का वो?" माझ्या सासऱ्यांनी तर लग्नाच्या बोलणीतच हा प्रश्न टाकला होता. गाणी नाहीत, बातम्या नाहीत, बाजारभाव नाहीत म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. "मग त्याला रेडिओ कशाला म्हणायचं?" म्हणाले. मुलगी दिली, पण धंद्याबद्दलची शंका त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही.

विमानातला रेडिओ म्हणजे बोलण्याचं आणि ऐकण्याचं यंत्र. खालून सांगायचं, वारा पश्चिमेचा आहे, पट्टी मोकळी आहे, उतर. वरून म्हणायचं, उतरतो. बस्स. पण एवढंसं बोलणं इंजिनाच्या तोंडाशी बसून ऐकायचं असतं. या अडचणीवर माझं घर बरीच वर्षं चाललं.

माझं मूळ दुकान मंडईमागच्या बोळात. घरगुती रेडिओ दुरुस्तीचं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. एक दिवस कॅप्टन सरनोबत काखेत लोखंडी डबा घेऊन दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. उजळाईवाडीच्या माळावर तेव्हा एक छोटा फ्लाइंग क्लब होता. पत्र्याचा हँगर, दोन छोटी विमानं, आणि छतावर एरियलची काठी असलेली एक खोली. कॅप्टन तिथले मुख्य शिक्षक. उंच, काटक, पन्नाशी ओलांडलेले.

"दस्तगीर मिस्त्री तूच काय? हे घरातलं न्हाय, आभाळातलं हाय. जमंल?"

उघडून बघतो म्हणालो. दुकानात डबा एकदम झकास चालला. दोन दिवसांनी तो परत आला. विमानात नुसती खरखर. पुन्हा दुकानात आणला, पुन्हा झकास. तिसऱ्या खेपेला कॅप्टन वैतागून म्हणाले, "डबा ऱ्हाऊ दे. आता तूच चल."

अशा रीतीनं मी पहिल्यांदा विमानात बसलो, तेही घरी कुणाला न सांगता.

ते विमान म्हणजे काय, तर नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. दोघांनी मांडीला मांडी लावून बसायचं. पायापुढं इंजिन, मध्ये एक पातळ पत्रा. इंजिन सुरू झालं आणि मला कळलं की आजवर मी ज्याला आवाज समजत होतो तो आवाजच नव्हे. दातांत, छातीत, बसायच्या फळीत, सगळीकडे तोच. कॅप्टन माझ्याकडे बघून काहीतरी बोलत होते; मला फक्त त्यांचे ओठ हललेले दिसले.

धंदा समजून सांगायचा तर असा. विमानात दोन तऱ्हेचा गोंगाट असतो. एक हवेतून कानात शिरतो, दुसरा तारेतून रेडिओत शिरतो. पहिल्यासाठी कानावर घट्ट बसणारे हेडफोन हवेत आणि बोलायचा माइक ओठाला टेकलेला हवा. दुसरा जास्त बेरकी. इंजिनात ठिणगी पडते ना, ती प्रत्येक ठिणगी म्हणजे एक चिमुकलं रेडिओ स्टेशनच असतं; ते आपलं 'चर्र चर्र' सगळीकडे पाठवत बसतं. त्यासाठी प्लगच्या तारांना जाळीदार धातूचं आवरण चढवायचं आणि ते इंजिनाच्या अंगाला नीट जोडायचं. वीज करणारा जनरेटर वेगळाच सूर लावतो. इंजिनाचा वेग वाढवला की त्याची शिट्टीही वर चढते. आवाज ओळखता आला की दोषी सापडतो. आमच्या विमानाला अंगच कापडाचं, त्यामुळे एरियलला खाली जो पत्रा लागतो तोच नव्हता. कापडाखाली पत्र्याच्या पट्ट्या बसवल्या तेव्हा कुठं डबा विमानातही दुकानातल्यासारखा वागू लागला.

त्या दिवसापासून क्लबाचा रेडिओ म्हणजे मी, असं ठरून गेलं.

गिऱ्हाइकंही एकेक वल्ली होती. गडहिंग्लजकडचा एक विद्यार्थी होता, उसाचा बागायतदार. त्याच्या मिशा अशा भारदस्त की माइक ओठापर्यंत पोचायचाच नाही. खाली सगळ्यांना मिशांची खरखर तेवढी ऐकू यायची. त्यात गडी बोलायचा शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाळी घातल्यासारखा. ओरडलं की शब्द फुटतात, हे त्याला पटेना. मी म्हणालो, "पावणं, वरडू नका, नुस्तं सांगा." तर म्हणाला, "इंजिन वरडतंय की! मी का गप बसू?" शेवटी कॅप्टननी त्याला सांगितलं, मिशी किंवा विमान. त्यानं मिशी निम्मी केली.

दुसरा एक जण धापा टाकत उतरला. रेडिओत कुणीतरी ताशा वाजवतंय म्हणाला. डबा उघडायला मी हत्यारं काढली आणि सहज दाराकडे नजर गेली. कमरेच्या पट्ट्याचं टोक दाराबाहेर अडकलं होतं आणि वाऱ्यानं कापडावर तडातडा आपटत होतं. दुरुस्ती म्हणून मी दार उघडून पट्टा आत घेतला आणि दार लावलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं. आता जे सांगायचंय ते तसं नाही.

कॅप्टन सरनोबतांचा माझ्यावर फार जीव. ईदेला ते न चुकता आमच्याकडे शीरखुर्मा खायला यायचे. बायको गेलेली, मुलगा दूर नोकरीला, त्यामुळे घरात बोलायला कोणी नव्हतं. उमेदीत त्यांनी वर छप्पर नसलेली उघडी विमानं चालवली होती, उसावर औषध फवारणारी विमानं चालवली होती. त्या काळात कानांची काळजी घ्यायची असते हे कुणी सांगत नसे. कानात कापूस घालणाऱ्याला बाकीचे चिडवायचे. आमच्या विमानातसुद्धा हेडफोनचा एक कान ते मागं सरकवून ठेवायचे. का विचारलं तर म्हणायचे, "रेडिओ एका कानानं ऐकायचा, इंजिन दुसऱ्या." आणि इंजिन त्यांना खरंच कळायचं. हँगरपाशी उभं राहून, वरून जाणाऱ्या विमानाचा एक सिलिंडर कच खातोय, असं ते सांगायचे आणि ते खरं निघायचं. अशा माणसाच्या कानांवर शंका कोण घेणार?

मग कुंदा आली.

कुंदा गडमुडशिंगीची. वडील शेतकरी, दारात म्हशी. बी.एस्सी. झालेली, माळ तुडवत सायकलवरून यायची. बिनतारी बोलण्याचा परवाना तिनं मुंबईला परीक्षा देऊन मिळवला होता. क्लबानं तिला खोलीत माइकवर बसवलं. तिला पुढं सरकारी विमानतळावर बिनतारी ऑपरेटर व्हायचं होतं, आणि त्या भरतीसाठी मुख्य शिक्षकाची शिफारस लागायची.

मी आयुष्यभर माणसांचे आवाज यंत्रातून ऐकले. कुंदासारखा दुसरा ऐकला नाही. बारीक, पण धारदार. इंजिनाचा आवाज जाड असतो. तिचा त्याच्या वरून निघून यायचा. विद्यार्थी म्हणायचे, कुंदाताई माइकवर असली की खाली आपलं कुणीतरी आहे असं वाटतं. मिशीवाला बागायतदारसुद्धा तिच्याशी बोलताना आवाज खाली घ्यायला शिकला.

तक्रार एकट्या कॅप्टनची. "पोरगी तोंडातल्या तोंडात बोलती."

मी डबा तपासला. हेडफोन बदलले. माइक बदलला. खोलीतला माइकही बदलला. प्लगच्या तारा नव्यानं मढवल्या. दर वेळी कॅप्टन उतरून मान हलवायचे. "आवाज येतो रे दस्तगीर, शब्द येत न्हाईत."

एकदा म्हणालो, "साहेब, मी येतो बरोबर."

दुपारची वेळ होती, हवा स्वच्छ. आम्ही माळाला एक फेरी मारून उतरायला वळलो. माझ्या कानात कुंदाचा आवाज आला. पट्टीवर जनावरं आहेत, उतरू नका, पुन्हा फिरून या. एकेक शब्द घासून पुसून लख्ख. मी कॅप्टनकडे बघितलं. ते शांतपणे विमान खाली आणत होते. कुंदानं पुन्हा सांगितलं. ते उतरतच होते. मला वाटलं, त्यांनी काहीतरी ठरवलं असेल, मी मिस्त्री, मला काय कळतंय. तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज कापरा झाला, आणि तेवढ्यात मला माझ्या बाजूनं पट्टीच्या टोकाला म्हशींच्या काळ्या पाठी दिसल्या. मी कॅप्टनच्या खांद्यावर थाप मारली आणि बोट दाखवलं. त्यांनी इंजिनाला पूर्ण जोर दिला आणि विमान वर उचललं. म्हशी आमच्या चाकांखालून पळाल्या.

खाली उतरल्यावर कॅप्टननी हेडफोन काढून मांडीवर टाकले. "डबा बिघडलाय," म्हणाले. मी त्यांचे हेडफोन माझ्या कानाला लावले. कुंदा खोलीतून विचारत होती, "सगळं ठीक हाय न्हवं?" अगदी स्वच्छ.

कॅप्टन तडक क्लबाच्या सेक्रेटरींच्या खोलीत गेले. मीही मागोमाग गेलो आणि सांगितलं, मला सगळं ऐकू आलं, तिनं तीनदा सांगितलं. सेक्रेटरी सभ्य माणूस. म्हणाले, "दस्तगीर, विमान चालवणाऱ्याला ऐकू येत नसंल तर तुला ऐकू येऊन काय उपयोग?"

दुसऱ्या दिवसापासून कुंदाला टाइपिंगला बसवलं आणि माइकवर ऑफिसातला जाड आवाजाचा एक कारकून आला. कॅप्टनना त्याचं सगळं ऐकू येऊ लागलं. मग तर काय, दोष कुणाचा होता ते सिद्धच झालं. कुंदानं शिफारस मागितली तेव्हा कॅप्टन म्हणाले, "ज्या आवाजापायी माणसं मरायची पाळी आली, त्याची शिफारस कशी करू?" त्यात दुष्टावा नव्हता. त्यांना ते खरंच वाटत होतं. कुंदा काही दिवस टाइपिंग करत राहिली, मग यायची बंद झाली.

पुढं पावसाळ्यात उड्डाणं थांबली होती तेव्हा कॅप्टन घरचा रेडिओ घेऊन दुकानात आले. तक्रार तीच. "बाया गातात त्या तोंडात गोळी धरून गातात. पुरुषांचं बरं येतं."

मी त्यांना चहा मागवला. माझ्याकडे सूर काढायचं एक यंत्र होतं. त्याचं बटण फिरवलं की जाड सुरापासून बारीक सुरापर्यंत आवाज चढत जातो. रेडिओ कुठं कमी पडतो ते त्यावरून कळतं. मी यंत्र जोडलं आणि बटण सावकाश फिरवू लागलो. भोंग्यासारखा सूर चढत चढत शिट्टीपर्यंत आला. दुकानभर शिट्टी वाजत होती. कॅप्टननी बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "का बंद केलास?"

मी बटणावरचा हात काढला. शिट्टी वाजतच होती. पलीकडचा शिंपी ओरडला, "ए दस्तगीर, कानं किटली की रं!"

शिंप्याचा आवाज त्यांना ऐकू आला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग यंत्राकडे, मग माझ्याकडे.

"चालू हाय?"

"चालू हाय साहेब."

मी यंत्र बंद केलं. घरच्या रेडिओत काही दोष नव्हता. विमानाच्या डब्यातही नव्हता. इतके महिने मी ज्याचा शोध घेत होतो ते सापडलं होतं, आणि मला वाटलं, सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

त्यांनी रिकामी कपबशी हातात फिरवली. मग म्हणाले, "परवान्याचा डॉक्टर दर वेळी तपासतो. मागं उभा ऱ्हाऊन आकडे सांगतो. आवाज घोगरा हाय त्याचा. मला येतात ऐकू." आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पोरगी नीट बोलत होती म्हणायचं."

"व्हय साहेब."

"मग आता?"

मी यंत्राची तार गुंडाळू लागलो. त्यांच्या घरात विमानाशिवाय दुसरं काही नव्हतं. भिंतीवर विमानं, गप्पांत विमानं. त्यांनी कपबशी खाली ठेवली, पावसातच बाहेर पडले आणि घरचा रेडिओ दुकानातच विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी ते सेक्रेटरींकडे गेले. कुणी विचारलं नव्हतं, माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आपण होऊन सांगितलं, कान गेलेत, आजपासून मी उडणार नाही. सेक्रेटरींनी पुन्हा तपासून घ्या म्हणून समजूत घातली. ऐकलं नाही. त्यानंतर ते विमानात बसले नाहीत. क्लबानं बाहेरून नवा शिक्षक आणला. कॅप्टन संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसायचे. मी त्यांच्यासाठी बारीक सूर वाढवणारं एक यंत्र जुळवून बघितलं. कानाला लावून म्हणाले, "मोठं ऐकू येतंय रे. पण समजत न्हाई." ज्या माणसानं मला या धंद्यात आणलं त्याच्यासाठी माझ्या हातून एवढं एक यंत्र व्हायला हवं होतं. झालं नाही.

पण ते नंतरचं. उडणं सोडल्याच्या त्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "गडमुडशिंगीला येतोस?"

माझ्या स्कूटरवरून गेलो. कुंदाचे वडील गोठ्यात धार काढत होते. उठले नाहीत. "बसा," एवढं म्हणाले आणि थोड्या वेळानं, "माझ्या लेकीला बोलता येत न्हाई असं ठरीवलंसा तुमी. समद्या गावात झालं."

कुंदा आतून पाणी घेऊन आली. कॅप्टन बाजेवरून उठून उभे राहिले.

"कुंदा, चूक तुझ्या आवाजाची नव्हती. माझे कान खराब झालेत. सेक्रेटरींना सांगून आलोय. तू परत ये. शिफारसही मी देतो."

कुंदा तांब्या हातात धरून उभी राहिली. मग खाली बघत काहीतरी म्हणाली. कॅप्टननी माझ्याकडे बघितलं.

"ती म्हणते, भरती होऊन गेली," मी म्हणालो.

"पुढच्या वेळी होईल की."

ती पुन्हा बोलली. पुन्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ती म्हणते, पुढच्या वेळी वय बसत नाही. गावच्या दूध संस्थेत लागलीय. बरं चाललंय म्हणते."

तिथं इंजिन नव्हतं. वारा नव्हता. गोठ्यात म्हशी रवंथ करत होत्या. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या दोन माणसांचं बोलणं मी इकडून तिकडे नेत होतो.

कॅप्टननी हात जोडले. पन्नाशीपुढचा माणूस, ज्याला अख्खा क्लब वचकून असायचा, तो त्या अंगणात पोरीसमोर हात जोडून उभा. कुंदाच्या वडिलांनी धार काढायची थांबवली.

मी पुढं काहीतरी बोलणार होतो, तर कुंदानं मला अडवलं. "चाचा, तुमी नका सांगू. मी सांगते."

तिनं तांब्या खाली ठेवला, पुढं आली, त्यांचे जोडलेले हात धरून खाली घेतले, आणि त्यांच्या कानाशी वाकून हळू आवाजात काहीतरी सांगितलं. एका वाक्याहून जास्त होतं ते. मला ऐकू आलं नाही, तिनं ते माझ्यासाठी सांगितलंच नव्हतं. कॅप्टन मान हलवत होते. तिनं डोळे पुसले, त्यांच्या पाया पडली आणि आत गेली. वडिलांनी मग आम्हाला चहाशिवाय सोडलं नाही.

परतताना गावाबाहेर, उसाच्या कडेला, त्यांनी माझ्या पाठीवर हात मारून स्कूटर थांबवायला लावली. उतरून थोडे बाजूला जाऊन उभे राहिले. मी वाट बघितली. मग न राहवून जवळ गेलो, त्यांच्यासमोर उभा राहिलो, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसावं, आणि विचारलं, "काय म्हणाली साहेब?"

"न्हाई कळलं."

"पण तुम्ही मान हलवत होता."

"कानात फुंकर आल्यागत लागलं, तेवढंच."

मी स्कूटरकडे वळलो. "चला, परत जाऊन विचारू या. अजून घरीच असंल."

त्यांनी माझा दंड धरला. "नको. तिला वाटतंय मला ऐकू आलं. ऱ्हाऊ दे तसंच."